मोटारीची निगा आणि मोलाचा हिशोब

नफा-तोट्याची उदाहरणे आपण खालच्या इयत्तांपासून सोडवीत आलो आहोत. पुस्तकात खरेदीची किंमत दिलेली असते, विक्रीची किंमत दिलेली असते आणि आपण एक वजाबाकी करून मोकळे होतो. व्यवहारात अडचण अशी की, या दोहोंपैकी एकही आकडा कोणी आयता हाती देत नाही. त्यातही ज्या धंद्यात माल विकला जात नाही, केवळ श्रम आणि कौशल्य विकले जाते, त्या धंद्यात आपला खर्च किती झाला व आपण मागावे किती, हे ठरविणे भल्याभल्यांस जड जाते. प्रस्तुत लेखात अशाच एका जोडधंद्याचा हिशोब मांडून पाहावयाचा आहे. धंदा डोळ्यांसमोरचा आहे : लोकांच्या मोटारी धुऊन, पुसून, त्यांच्या रंगाची व आतील बैठकीची निगा राखून देण्याचा. नागपुरात त्यास आता ‘कार डिटेलिंग’ असे भारदस्त नाव मिळाले आहे.

हाच धंदा निवडण्याचे कारण आपल्या गावातच आहे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा आपला मुलूख छिंदवाड्यातून निघून त्यात आला. परंतु सावनेरहून सौंसरमार्गे छिंदवाड्यास जाणारा रस्ता, ज्यास आज राष्ट्रीय महामार्ग ५४७ म्हणतात, तो होता तेथेच आहे. बोरगावची औद्योगिक वसाहत या रस्त्याच्या आधाराने वाढली. रेमंडसारख्या मोठ्या गिरणीपासून लहानसहान कारखान्यांपर्यंत येथे पाळ्यांवर काम चालते. पाळीचे काम करणाऱ्या तरुणास आठवड्याची सुटी असते, हाताला काम करण्याची सवय असते आणि घरी दोन पैसे अधिक आले तर हवेच असतात. दुसऱ्या बाजूस, दारासमोर चारचाकी उभी असणारी घरे वाढली आहेत. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीच्या पहिल्या लहान गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते गिऱ्हाइकास देण्यात आली, तोवर मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसेडर नाही तर कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर, आणि ती असणारा मनुष्य म्हणजे बडा असामी, हे समीकरण पक्के होते. अशा घरी गाडी पुसावयास ड्रायव्हर असे. आज गाडी शिक्षकाकडे आहे, संत्र्याच्या बागाइतदाराकडे आहे, कारखान्यातील फोरमनकडे आहे. ड्रायव्हर मात्र कोणाकडेच नाही. ती धुवावयाची कोणी, हा प्रश्न येथून निर्माण झाला आणि जेथे प्रश्न असतो तेथे धंदा असतो.

वाहनाची निगा ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते, तूप-हळदीने खांदे चोळले जातात, दुसऱ्या दिवशी त्यांस नदी-नाल्यावर नेऊन धुतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल चढवितात. वर्षभर जोखड वाहणाऱ्या जनावराचे नेमके कोठे दुखत असेल, हे शेतकऱ्यास ठाऊक असते म्हणून मळणी खांद्याची होते, शेपटीची नव्हे. मोटारीच्या बाबतीत हे ज्ञान अजून आपल्या अंगी मुरलेले नाही. अंगणात उन्हात उभी करून कपडे धुण्याच्या पावडरीने खसाखसा घासली की गाडी धुतली, असे पुष्कळांस वाटते. म्हणून या धंद्यात हात चालविण्याइतकेच जाणणेही विकले जाते, आणि जाणण्याची किंमत लावताना मनुष्य हमखास संकोचतो.

येथे शब्दांचा थोडा विचार करू. माझी मातृभाषा कोकणी. आमच्याकडे बाजारात मासळीची टोपली पुढे आली की ‘मोल कितें?’ असेच विचारतात. मोल म्हणजे सरळ किंमत. मराठीत आल्यावर हा शब्द दोन वाटांनी गेला. ‘अनमोल’, ‘मोलाचा सल्ला’ यांत तो उंच चढला, तर ‘मोलमजुरी’, ‘मोलकरीण’ यांत तो थेट श्रमापर्यंत खाली उतरला. बाजारातील रोजच्या बोलण्यासाठी आपण ‘भाव’, ‘दर’, ‘किंमत’ हे शब्द ठेवले. मला वाटते, जोडधंदा करणाऱ्याचा घोटाळा नेमका येथेच होतो. तो शेजाऱ्याचा भाव विचारून येतो. स्वतःच्या श्रमाचे मोल काढीत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक तरुण आहे. आपण त्यास वामन म्हणू. तो कारखान्यात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन मोटारी धुऊन देतो. पुढील सर्व आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या गावच्या बाजारात विचारून ते आपण बदलावेत, रीत मात्र हीच राहील.

वामनने पाण्याचा दाब देणारा पंप ८,००० रुपयांस घेतला, धूळ ओढणारे यंत्र ६,००० रुपयांस, रंग घासून चमक आणणारे पॉलिशचे यंत्र ६,००० रुपयांस. बादल्या, नळी व ब्रश २,००० रुपयांचे आणि मऊ, बारीक तंतूंची फडकी २,००० रुपयांची. एकूण भांडवल २४,००० रुपये. हे साहित्य सरासरी तीन वर्षे टिकेल असे धरू. म्हणजे दर वर्षी ८,००० रुपयांचे साहित्य झिजते. पावसाळा, सणवार, आजारपण वगळता वर्षातून ४० सुट्या कामास येतील आणि प्रत्येक सुटीस चार गाड्या होतील. म्हणजे वर्षास १६० गाड्या. ८,००० भागिले १६०, बरोबर ५० रुपये. वामन ज्या गाडीला हात लावील, त्या प्रत्येक गाडीत त्याच्या पंपाचे व यंत्रांचे ५० रुपये झिजत आहेत. ही झीज डोळ्यांस दिसत नाही. दिसेल तेव्हा पंप बंद पडलेला असेल.

याशिवाय साबण, काच पुसण्याचे द्रव, टायरला लावण्याचे द्रव, फडकी धुण्याचा खर्च असे ४० रुपये धरू. घरोघरी जाण्याचे पेट्रोल ३० रुपये. फोन, छापील कार्डे आणि कधी एखाद्याच्या गाडीस ओरखडा पडला तर भरून देण्यासाठी बाजूस ठेवावयाचे असे आणखी ३० रुपये. एकूण १५० रुपये. पाणी आणि वीज गिऱ्हाइकाची आहे असे येथे मानले आहे.

आता वेळ. गाडी बाहेरून धुणे, आतून झाडणे, काचा व चाके स्वच्छ करणे यास दीड तास लागतो. परंतु जाणे, साहित्य मांडणे, आवरणे व पैसे घेणे यांत आणखी अर्धा तास जातो. हा अर्धा तास कोणी मोजीत नाही! दोन तास झाले. वामन आपल्या तासाचे मोल १०० रुपये धरतो, म्हणजे २०० रुपये मजुरी. खर्च १५० आणि मजुरी २०० मिळून ३५० रुपये झाले. यावर धंद्याचा म्हणून काही नफा हवा, नाही तर धंदा वाढावयाचा कशातून? तो ५० रुपये धरू. वामनचा दर ४०० रुपये ठरला.

पण वामनने असे केले नाही असे समजा. महामार्गावरील वॉशिंग सेंटरवाला ३०० रुपये घेतो असे त्याने ऐकले आणि गिऱ्हाईक आपल्याकडे वळावे म्हणून २५० रुपये सांगितले. रविवारी चार गाड्या धुऊन संध्याकाळी त्याच्या खिशात १,००० रुपये आले. साबण-पेट्रोलाचे २८० वजा करून ७२० रुपये कमाई झाली, असे त्याने आनंदाने घरी सांगितले. वस्तुतः त्यांतील ३२० रुपये त्याचे नाहीतच. ते पंपाचे, यंत्रांचे आणि अडीअडचणीचे आहेत. कमाई ४०० रुपयांची, आणि तीही आठ तासांची. म्हणजे तासास ५० रुपये. चाळीस सुट्यांत हे न मोजलेले ३२० रुपये १२,८०० होतात आणि घरखर्चात विरून जातात. तिसऱ्या वर्षी पंप थकतो, नवा घ्यावयास पैसा नसतो, आणि ‘या धंद्यात काही राम नाही’ असे म्हणून मनुष्य तो सोडून देतो. धंद्यात राम होता, दरात नव्हता. महामार्गावरील सेंटरचे गणितही निराळे असते, हे विसरून चालणार नाही. तेथे गिऱ्हाईक स्वतः चालून येते, साहित्य मांडावे-आवरावे लागत नाही, दिवसास पुष्कळ गाड्या होतात. त्याचा ३०० हा आकडा त्याच्या हिशोबातून निघालेला असेल; वामनच्या हिशोबाशी त्याचा संबंध नाही.

दर ठरला की घासाघीस सुरू होते. आपल्या भागात ती जिव्हाळ्याने होते, म्हणून अधिक कठीण. ‘अरे भाऊ, आपल्या माणसाले चाळीस रुपये तरी कमी कर न!’ असे वडीलधारा मनुष्य म्हणतो, तेव्हा ‘नाही काकाजी’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. पण हे चाळीस रुपये कोठून जातात ते पाहा. ४०० वर चाळीस म्हणजे शेकडा दहाच सूट, ऐकावयास क्षुल्लक. परंतु साबण स्वस्त झाला नाही, पेट्रोल स्वस्त झाले नाही, दोन तासांचा पावणेदोन झाला नाही. चाळीस रुपये गेले ते पन्नास रुपयांच्या नफ्यातून, आणि उरले दहा. शेकडा दहा सूट देण्यात शेकडा ऐंशी नफा गेला! पूर्वी एका गाडीत मिळणारा नफा मिळविण्यास आता पाच गाड्या धुवाव्या लागतील. सूट देताना ही वजाबाकी ज्याच्या मनात उभी राहते, तोच पुढे टिकतो.

तर मग सूट देऊच नये की काय? द्यावी, परंतु बचतीतून द्यावी, नफ्यातून नव्हे. एकाच गल्लीतील चार घरे मिळून एकाच दिवशी गाड्या धुऊन घेण्यास तयार झाली, तर वामनला तेथे एकदाच जावयाचे आहे. पेट्रोलाचे ३० रुपये चौघांत वाटले जातात, म्हणजे दर गाडीमागे साडेबावीस रुपये वाचले. मांडामांड-आवराआवर एकदाच, दर गाडीमागे अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटे गेली तर वीस मिनिटे वाचली, त्यांचे ३३ रुपये. मिळून सुमारे ५५ रुपयांची खरीखुरी बचत झाली. त्यांतील ५० रुपये गिऱ्हाइकास सोडून ३५० रुपयांत काम केले, तरी वामनचा नफा तिळमात्र घटत नाही आणि गिऱ्हाईक खूश. शिवाय ते आपण होऊन शेजाऱ्याकडे जाऊन ‘तुम्हीही या’ म्हणते. याहून चांगली जाहिरात कोणती? काकाजींसही हेच उत्तर द्यावे : ‘काकाजी, गल्लीतल्या चार गाड्या जमवा, पन्नास कमी घेतो.’ आदर राहतो आणि हिशोबही राहतो.

नातेवाइकांचा प्रश्न याहून नाजूक आहे. महिन्यास दोन गाड्या ‘आपल्याच घरच्या’ म्हणून फुकट झाल्या, तर वर्षास चोवीस होतात. ३,६०० रुपये खिशातून आणि ४८ तास आयुष्यातून. मामा-काकांस नाही म्हणणे आपल्या संस्कारांत बसत नाही, हे मी जाणतो. पण साहित्याचा खर्च तेवढा घ्यावा, असे घरातील मोठ्यांनीच एकदा सर्वांस सांगून टाकावे. हे काम मुलाने करण्याचे नव्हे, पालकांनी करण्याचे आहे.

आता संपूर्ण निगेकडे वळू. यात पूर्ण दिवस जातो. धुतल्यावरही रंगास चिकटून राहिलेले डांबराचे व लोखंडी धुळीचे कण एका मऊ, मातीच्या लगद्यासारख्या वडीने ओढून काढावयाचे, मग यंत्राने पॉलिश करावयाचे, शेवटी मेणाचा हात द्यावयाचा. आतील बैठका निराळ्या. आठ तासांचे ८०० रुपये, साहित्याचे ६००, पेट्रोलाचे ३०. दिवसभर दुसरी गाडी होत नाही, म्हणून झीज चार गाड्यांची, २०० रुपये, राखीव १२०. एकूण १,७५० रुपये. येथे मात्र नफा ५० धरून भागणार नाही, कारण जोखीम मोठी आहे. २,००० रुपयांहून कमी घेऊन वामनने पॉलिशच्या यंत्रास हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही जोखीम कोणती, ते समजण्यास रंगाची रचना ठाऊक हवी. हल्लीच्या मोटारीवर रंगाचे थर असतात : पत्र्यावर गंजरोधक अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. चमक असते ती या वरच्या थराची. तो साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन असतो. म्हणजे ज्या थरावर गाडीची सारी शोभा अवलंबून आहे, तो केसाहूनही बारीक आहे. पॉलिश म्हणजे काही तरी लावणे नव्हे, तर या थरातील अगदी थोडा भाग घासून काढून तो सपाट करणे होय. बारीक ओरखडे नाहीसे होतात ते भरले जातात म्हणून नव्हे, त्यांच्या आजूबाजूचा थर खाली येतो म्हणून. तेव्हा दर सहा महिन्यांनी पॉलिश करवून घेणारा मनुष्य गाडीचे आयुष्य वाढवीत नसून कमी करीत असतो. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा खोल आहे आणि पॉलिशने जाणार नाही, ही या धंद्यातील साधी व खात्रीची खूण आहे. मेण झिजत नाही तोवर रंगाचे रक्षण करते. उत्तम समजले जाणारे कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे असते. पण तेही आपल्या वैशाखातल्या उन्हापुढे काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकते. सिलिकायुक्त ‘सिरॅमिक’ लेप त्याहून पुष्कळ टिकतो, मात्र उडालेला खडा त्यास जुमानीत नाही.

एवढे विज्ञान सांगितले ते जाहिरातीसाठीच! कारण या धंद्यातील खोटेपणा बहुधा रंगाविषयी असतो. ‘सर्व ओरखडे कायमचे गायब’, ‘एकदा लावा, दहा वर्षे विसरा’ असे फलक आपण पाहतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, याची व्याख्या केली आहे, आणि वस्तूप्रमाणेच सेवेच्या जाहिरातीलाही ती लागू आहे. पण कायदा बाजूस ठेवला तरी बोरगावसारख्या गावात खोटी जाहिरात चालत नाही. शहरात फसलेले गिऱ्हाईक गर्दीत हरवते. येथे ते दर मंगळवारी बाजारात भेटते.

मग वामनने छापील कागदावर लिहावे काय? माझ्या मते असे : ‘घरपोच मोटार धुलाई. बाहेरून धुणे, आतून झाडणे, काचा व चाके. लहान गाडी ४०० रुपये, मोठी ४७५ रुपये. वेळ लहान गाडीस दोन तास. एका गल्लीत चार गाड्या असल्यास दर गाडीस ५० रुपये कमी. रविवारी सकाळी ७ ते १२ व दुपारी २ ते ५. पाणी व वीज आपली, बाकी साहित्य आमचे. खोल ओरखडे व गंज यांत निघत नाहीत.’ शेवटचे वाक्य वाचून कित्येक हसतील. जाहिरातीत आपली मर्यादा कोणी सांगते काय? पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो त्याच वाक्याने. दर उघड लिहिल्याने घासाघीसही अर्धी होते. मोठ्या गाडीचे ७५ रुपये अधिक का, असे कोणी विचारील तर सांगता आले पाहिजे : अर्धा तास अधिक म्हणून ५०, साहित्य १५, नफा १०.

कागदाहून प्रभावी एक युक्ती आहे. मळकट गाडीच्या पुढील झाकणावर मधोमध कागदी चिकटपट्टी लावावी, एक अर्ध तयार करावे आणि पट्टी काढून मालकास बोलवावे. पुढे बोलावे लागत नाही. त्याचे छायाचित्र मालकाच्या परवानगीने, गाडीचा क्रमांक झाकून, व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळखीच्यांस पाठवावे. दसरा जवळ आला की खंडेनवमीच्या शस्त्र-अवजारांबरोबर वाहनांचीही पूजा होते, त्या आठवड्यात मागणी एवढी वाढते की ‘नाही’ म्हणावे लागते. त्या दिवसांत भाव चढवावा, असे काहींचे मत. जुन्या गिऱ्हाइकासाठी चढवू नये, परंतु आगाऊ रक्कम घेऊन वेळ बांधून द्यावी, असे मी म्हणेन. लग्नसराईचे काम निराळे : फुले चिकटपट्टीने डकविलेली नवरदेवाची गाडी दुसऱ्या दिवशी डिंकाचे डाग घेऊन येते, आणि ते डाग घाईने खरवडले तर रंगच उचलला जातो.

तिसरे गिऱ्हाईक म्हणजे जुनी गाडी विकावयास काढणारा. येथे आपल्या मराठी उद्योगाच्या इतिहासातील एक नाव आठवते. तासगाव येथे १९०३ साली जन्मलेले आबासाहेब गरवारे लहान वयात मुंबईस आले आणि जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीत शिरले. पुढे १९३० नंतरच्या दशकात मंदीच्या काळात त्यांनी इंग्लंडमध्ये जाऊनही हाच व्यवसाय केला. १९७१ साली त्यांस पद्मभूषण मिळाले, तोवर त्यांचे नाव मोटारींहून प्लास्टिक व तत्सम उद्योगांशी जोडले गेले होते. गंमत अशी की, त्याच घराण्याची कंपनी आज छत्रपती संभाजीनगर येथे मोटारीच्या रंगावर चढविण्याची पारदर्शक संरक्षक फिल्म तयार करते. जुन्या मोटारीची परीक्षा करताना सर्वप्रथम नजर जाते ती रंगाकडे. आणि त्या रंगाचे रक्षण हाच शंभर वर्षांनी निराळा उद्योग बनला. फिल्मचा विषय निघालाच आहे तर एक इशारा : २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मविरुद्ध निर्णय दिला. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी काच काळी करून देण्याचे काम घेऊ नये.

दुसऱ्याची गाडी हाती घेणे ही लहान गोष्ट नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात निक्षेपाचे प्रकरण आहे. आपली वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, म्हणजे निक्षेप. कलम १५१ सांगते की, अशा वस्तूची काळजी सामान्य समंजस मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घेतली पाहिजे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मालकासमक्ष गाडीभोवती एक फेरी मारावी आणि आधीचे ओरखडे, पोचे टिपून ठेवावेत. दोन मिनिटांचे हे काम दोन वर्षांचे भांडण वाचविते. त्याच कायद्याचे कलम १७० श्रम करणाऱ्याच्या बाजूचे आहे : मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क ते देते. परंतु ताबा असेल तर! वामन मालकाच्या अंगणात काम करतो, गाडी त्याच्या ताब्यात नसते. सबब संपूर्ण निगेच्या कामास निम्मी रक्कम आधी घ्यावी, हेच शहाणपणाचे.

आणि पाणी. उघड्या नळीतून मिनिटास दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहते. दहा मिनिटे नळी सोडली तर दीडशे लिटरपर्यंत गेले. दोन बादल्यांनी (एक साबणाची, एक फडके खळबळण्याची) तीच गाडी तीस लिटरच्या आत निघते, आणि खडे बादलीच्या तळाशी बसून रंगही वाचतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांस रेल्वेने मिरजेहून पाणी न्यावे लागले. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी करून ५,००० रुपये दंड ठेवला. आपल्याकडील संत्र्याच्या बागा विहिरी-कूपनलिकांवर जगतात. मे महिन्यात शेजारीण दोन हंड्यांसाठी खेप घालीत असता वामनची नळी रस्त्यावर वाहत असेल, तर त्याने कितीही सुबक कार्डे छापली तरी ती वाया गेली असे समजावे.

शाळकरी मुलांनी हा हिशोब जरूर शिकावा, सुटीत घरच्या माणसास मदतही करावी. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे मात्र बालकामगार कायद्याने निषिद्ध आहे. आणि ज्यांस अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळालेला नाही, त्यांनी गिऱ्हाइकाची गाडी ‘थोडी पुढे घेतो’ म्हणून किल्ली हाती घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अशा अपराधासाठी पालक व वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे.

आता एक उदाहरण आपणांसाठी ठेवतो. वर्षास १६० गाड्या करणाऱ्या वामनने दर ४०० वरून ४५० केला. काही गिऱ्हाइके नाराज होऊन गेली आणि वर्षास १२० गाड्याच राहिल्या. साहित्याची झीज पूर्वीइतकीच, वर्षास ८,००० रुपये धरा. इतर खर्च दर गाडीस १०० रुपये, वेळ दर गाडीस दोन तास. दोन्ही वर्षांची शिल्लक काढा, ती तासांनी भागा, आणि जे तास मोकळे झाले त्या प्रत्येक तासामागे वामनने किती रुपये सोडले ते पाहा. मग त्याने आपल्या तासाचे मोल १०० रुपये धरले होते, हे आठवून सांगा : दर वाढविला, हे बरे झाले की वाईट? उत्तर घरी वडिलांना व आईला निरनिराळे विचारावे. दोघांची उत्तरे बहुधा जुळणार नाहीत.